सायपानच्या गव्हर्नरावरील महाभियोग

पॅसिफिक महासागरांतील उत्तर मारियाना बेटें अमेरिकेच्या सार्वभौमत्वाखालीं असलीं, तरी तेथील गव्हर्नर लोकच निवडतात. त्याच्यावर आरोप ठेवणें प्रतिनिधिगृहाचें काम, आणि त्यांचा निवाडा करणें सिनेटचें.

सायपान बेटावर १९४५ सालीं जन्मलेले बेनिग्नो फितियाल हे ह्याच प्रतिनिधिगृहाचे एके काळचे सभापति. तयार कपड्यांच्या धंद्यांतही ते वजनदार असामी होते. २००६ च्या जानेवारींत ते गव्हर्नर झाले, आणि बेटाला पोसणारे शिवणकामाचे कारखाने एकामागून एक बंद पडूं लागले. २००९ पर्यंत सारेच मिटले. सरकारी खजिना रिता झाला, नोकरांच्या पेन्शनीचा फंड डबघाईस आला. तरीही २००९ सालीं लोकांनीं फितियाल ह्यांनाच पुन्हा निवडलें!

पुढें मात्र मर्यादा सुटली. पाठ दुखते म्हणून २०१० सालीं तुरुंगांतील एका स्त्री-कैद्याला अपरात्रीं घरीं आणवून त्यांनीं मालिश करून घेतलें. २०१२ सालीं वीजखरेदीच्या सुमारें १९ कोटि डॉलरांच्या करारावर गुपचूप सही केली. त्याच वर्षीं आलेला महाभियोगाचा ठराव फसला. आरोप खोटे ठरले म्हणून नव्हे, मतें अपुरीं पडलीं म्हणून. नोव्हेंबरांतील निवडणुकींत लोकांनीं प्रतिनिधिगृहच पालटलें. ११ फेब्रुवारी २०१३ रोजीं १८ आरोपांचा ठराव १६ विरुद्ध ४ मतांनीं संमत झाला. सिनेटपुढील सुनावणीची वाट न पाहतां २० फेब्रुवारीस फितियाल ह्यांनीं राजीनामा दिला, व उपगव्हर्नर एलॉय इनोस त्यांच्या जागीं आले.