मीठ कुणाचं

संध्याकाळी तुळशीपुढे दिवा लागला की आमच्या पडवीत मिठाचा वाद निघायचा. एका खुर्चीत आबा, म्हणजे माझे आजोबा. समोरच्या बाकावर तात्या, त्यांचे धाकटे चुलतभाऊ. दोघंही दुसऱ्या महायुद्धात गेलेले, दोघंही जिवंत परतलेले. पण परतले ते एकमेकांच्या विरुद्ध बाजूंनी. आबा मराठा पलटणीतून इटलीत लढले. तात्या रसद खात्यात कारकून म्हणून सिंगापूरला गेले आणि आझाद हिंद सेनेचे होऊन आले.

आबांचं म्हणणं एकच असायचं. "ज्येचा मीठ खाल्लंव, तेच्यावर बंदूक कशी धरूची?"

तात्या शांतपणे सुपारी कातरत म्हणायचे, "मीठ तेंचा खंयचा? मीठ शिरोड्याचा. आमचाच मीठ तेंनी आमकाच इकल्यानी."

हे उत्तर आमच्या भागातल्या माणसालाच सुचावं. शिरोड्याची मिठागरं आमच्या गावापासून चालत जाण्याच्या अंतरावर. १९३०च्या मे महिन्यात तिथे मिठाचा सत्याग्रह झाला, सत्याग्रहींवर लाठ्या चालल्या, तेव्हा तात्या दहा-बारा वर्षांचे होते आणि काजूच्या झाडावर चढून त्यांनी ते पाहिलं होतं. शिरोडा इंग्रजांच्या मुलखात आणि आम्ही सावंतवाडी संस्थानात, त्यामुळे झाड कुठल्या राज्यात होतं हेही ते सांगायचे.

वाद तापत गेला की दोघांच्याही तोंडी एकच नाव यायचं: जनरल. कुठला, हे विचारायची गरज कुणाला पडत नसे. जनरल म्हणजे तिरोड्याचे जगन्नाथराव भोसले. तिरोडं आमच्या शेजारचंच. सावंतवाडीच्या भोसले घराण्याच्या नात्यातला हा मुलगा डेहराडूनच्या लष्करी शाळेत शिकला आणि तिथून सँडहर्स्टला गेला. त्या काळी सँडहर्स्टमध्ये हिंदी मुलांसाठी वर्षाला दहाच्या आसपास जागा असत. माडा-पोफळीच्या मुलखातून तिथवर पोचणं म्हणजे काय, हे आबा आम्हाला बोटांनी दहा आकडा दाखवून सांगायचे. १९२८ साली त्यांना कमिशन मिळालं आणि पुढे ते मराठा लाइट इन्फन्ट्रीत आले. आबांचं दुखणं नेमकं इथेच होतं. परक्या पलटणीतला कुणी फुटला असता, तर त्यांना इतकं लागलं नसतं.

"आमच्या पलटणीत होतो तो," असं म्हणून ते गप्प बसायचे.

युद्ध आलं तेव्हा भोसले लेफ्टनंट कर्नल झाले होते आणि रॉयल गढवाल रायफल्सबरोबर मलायात होते. हिंदी माणसाने तेव्हा हा हुद्दा गाठणं फार दुर्मीळ होतं. १५ फेब्रुवारी १९४२ला सिंगापूर पडलं. दोन दिवसांनी फॅरर पार्कच्या मैदानावर हिंदी सैनिकांना गोळा केलं गेलं आणि एका इंग्रज अधिकाऱ्याने त्यांना जपान्यांच्या हवाली केलं. तात्या त्या गर्दीत होते. पुढच्या सगळ्या युद्धाबद्दल ते तुटक बोलायचे, पण त्या दुपारबद्दल बोलताना त्यांचा आवाज बदलायचा. ऊन होतं, पाणी नव्हतं आणि गोऱ्या सैनिकांना वेगळं काढून दुसरीकडे नेलं होतं. "ढोरांसारखे मोजून दिले आमकां," एवढंच म्हणायचे. कॅप्टन मोहन सिंग तिथे आझाद हिंद सेना उभारण्याबद्दल पहिल्यांदा बोलले, पागोट्या-टोप्या हवेत उडाल्या. सावंतवाडीकडचा एक मोठा साहेबही आपल्यात आहे, हे तात्यांना नंतर छावणीत कळलं.

इथे आबांची बाजूही मांडली पाहिजे, कारण ती खोटी नव्हती. त्या मैदानावरचे सगळेच काही आझाद हिंद सेनेत गेले नाहीत. हजारोंनी नकार दिला. त्यांतल्या कित्येकांना जपान्यांनी मजुरीसाठी न्यू गिनीच्या जंगलात नेलं, तिथे ते भुकेने आणि तापाने मेले. शपथ पाळल्याबद्दल मेलेल्या त्या माणसांना आज कुणी विचारत नाही. आबा त्यांच्या बाजूने बोलायचे. इटलीत १० जुलै १९४४ला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे एकटे मशिनगनच्या ठाण्यावर चालून गेले आणि पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आबा त्याच बटालियनमध्ये होते. "तो खोटो हुतो काय?" हा त्यांचा प्रश्न असायचा, आणि त्यावर तात्या कधीच उलट बोलत नसत. सुपारीचा अडकित्ता तेवढा थांबायचा.

मोहन सिंगांचं जपान्यांशी बिनसलं, त्यांना अटक झाली आणि पहिली आझाद हिंद सेना मोडल्यात जमा झाली. १९४३च्या सुरुवातीच्या त्या महिन्यांत, नेताजी यायच्या आधी, उरलेलं घर सांभाळायचं काम भोसल्यांकडे आलं. ते लष्करी विभागाचे संचालक झाले. वाट पाहणारं सैन्य सांभाळणं हे लढणाऱ्या सैन्यापेक्षा कठीण, असं तात्या म्हणत. लढाई नाही, पगाराची खात्री नाही, आपण कुणाचे हेही ठरलेलं नाही, आणि तरी रोज पहाटे बिगूल वाजला पाहिजे. भोसल्यांच्या पुढच्या आयुष्याची गुरुकिल्ली मला या महिन्यांतच दिसते. मोडक्या, भेदरलेल्या माणसांना रोज एका वेळी, एका रांगेत उभं करायचं आणि तेवढ्यानेही त्यांची पाठ थोडी ताठ होते, हे त्यांनी तिथे पाहिलं असणार.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. जुलैमध्ये नेताजी आले, २१ ऑक्टोबर १९४३ला आझाद हिंद सरकार स्थापन झालं. त्याच्या मंत्रिमंडळात सैन्याचे प्रतिनिधी म्हणून जे अधिकारी होते, त्यांत भोसले होते. पुढे ते मेजर जनरल झाले. इंफाळची मोहीम फसली, रंगून सुटलं. १९४५च्या ऑगस्टमध्ये जपान शरण गेला, नेताजी शेवटच्या प्रवासाला निघाले, तेव्हा बँकॉकमधल्या लोकांची जबाबदारी भोसल्यांवर होती. आवराआवर करायचं काम पुन्हा एकदा त्यांच्याच वाट्याला आलं.

तात्या १९४६ साली परत आले. कैद्यांची चौकशी करून इंग्रजांनी त्यांच्या निष्ठेचे तीन रंग ठरवले होते: पांढरा, करडा, काळा. तात्यांच्या कागदावर करडा रंग पडला. पगार बुडाला, नोकरी गेली. आजी सांगायची की ते बंदरावरून घरी आले तेव्हा अंगावर एक सदरा होता आणि पिशवीत ॲल्युमिनियमचा एक मग. आबा त्याआधीच छातीवर पदकं घेऊन आले होते. त्या रात्री दोघा भावांनी एका पंगतीला बसायचं की नाही, यावरून घरात पेच पडला. मीठ हा शब्द त्या दिवशी पहिल्यांदा निघाला. मग आजीने दोन्ही पानं शेजारी शेजारी मांडली आणि म्हणाली, "आता जेवूक बसा. ह्या मीठ माझा."

स्वातंत्र्य आलं तरी आझाद हिंद सेनेच्या लोकांना सैन्यात परत घेतलं गेलं नाही. लाल किल्ल्यातल्या खटल्याच्या वेळी सारा देश त्यांच्या मागे उभा होता, भुलाभाई देसाईंनी त्यांची बाजू लढवली होती, आणि तरीही. दोन शपथांची माणसं एका बराकीत ठेवली तर फौज दुभंगेल, ही भीती होती. भीती समजण्यासारखी होती. पण त्यामुळे एक विलक्षण गोष्ट घडली: ज्या माणसाच्या हातात नवं राष्ट्र एक पलटण द्यायला तयार नव्हतं, त्याला जनतेने थेट लोकसभेत पाठवलं. १९५२च्या पहिल्या निवडणुकीत जगन्नाथराव भोसले काँग्रेसच्या बैलजोडीवर रत्नागिरी जिल्ह्यातून निवडून आले. मेरठहून आझाद हिंद सेनेतलेच शाहनवाझ खान आले. सैन्याचा दरवाजा या दोघांना बंद होता. संसदेत मात्र ते सरकारी बाकांवर बसले, दोघेही उपमंत्री झाले. हा न्याय अर्धाच होता, असं मला वाटतं. तात्यांसारख्या करड्या कागदाच्या हजारो माणसांपर्यंत तो फार उशिरा पोचला.

भोसल्यांना खातं मिळालं पुनर्वसनाचं. फाळणीने देशात सत्तर लाखांहून अधिक निर्वासित आले होते. त्यांची वस्ती आपल्याकडे कल्याणजवळही झाली. लष्कराच्या रिकाम्या छावणीत सिंधी कुटुंबं उतरली आणि १९४९ साली तिचं उल्हासनगर झालं. बाकी या खात्यात नुकसानभरपाईचे दावे, सोडलेल्या मालमत्तांच्या याद्या, कर्जं, घरं. या कागदांत भोसल्यांनी काय केलं, त्यावर मी अधिक बोलत नाही. त्यांचं खरं काम कागदांच्या बाहेर झालं.

दिल्लीत लाजपतनगरमध्ये कस्तुरबा निकेतन नावाचं वसतिस्थान होतं. निराधार झालेल्या निर्वासित बायका आणि त्यांची मुलं तिथे राहत. त्या मुलांनी घरं जळताना पाहिली होती. ती भांडत, शाळेत टिकत नसत, कुणाचं ऐकत नसत. १९५४च्या जुलैत भोसल्यांनी तिथे एक प्रयोग सुरू केला: रोजची कवायत, सामुदायिक गाणी, खेळ, स्वच्छता, थोरामोठ्यांच्या गोष्टी. त्याला नाव मिळालं राष्ट्रीय शिस्त योजना. शिकवायला माणसं हवी होती, आणि ती कुठे सापडतील हे या उपमंत्र्याला चांगलं ठाऊक होतं. आझाद हिंद सेनेतून परतलेले, बेकार बसलेले जवान. त्यांना शिकवायला नवं काही लागत नव्हतं. त्यांच्या सेनेत कवायतीचे हुकूम हिंदुस्तानीतच दिले जात.

१९५५ साली तात्यांना पत्र आलं. तोवर ते शेतात राबत होते, मिठागरांच्या हंगामात हिशेब लिहायला जात होते. पत्र वाचून ते उठले आणि परड्यात जाऊन बराच वेळ उभे राहिले, असं आजी सांगायची. आबांनी गाडीभाड्याचे पैसे दिले. देताना म्हणाले, "पोरांका मारू नको. पोरां कसली पलटण न्हय."

तात्या दिल्लीला गेले, पुढे राजस्थानात सरिस्काच्या प्रशिक्षण केंद्रात काही महिने राहिले, मग शाळाशाळांतून फिरले. त्यांनी युद्धाच्या गोष्टी आम्हाला मोजक्याच सांगितल्या, पण कस्तुरबा निकेतनच्या किती सांगितल्या त्याला गणती नाही. पहिल्या दिवशी मुलं रांगेत उभीच राहिनात. रांग म्हटली की त्यांना छावणीतल्या पिठाची रांग आठवायची आणि ती पुढच्याला ढकलायची. मग तात्यांनी रांग सोडून दिली आणि गोल केला. गोलात कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही. पंधरा दिवसांनी गोलाची रांग झाली. एक सात-आठ वर्षांची मुलगी मात्र "सावधान" म्हटलं की दोन्ही हात कानांवर ठेवायची. तात्यांनी तिला ओरडून हुकूम द्यायचं काम दिलं. ती ओरडू लागली आणि तिचे हात खाली आले.

शिस्त या शब्दाची मला एरवी थोडी धास्ती वाटते. मुलांना लष्करी रांगेत उभं करण्यात धोका असतोच, आणि कुठेकुठे ही योजना नुसत्या पी.टी.पर्यंत घसरली असेल. पण तिचं मूळ निर्वासित विधवांच्या अंगणात आहे, कुठल्याही कॅन्टोन्मेंटमध्ये नाही, हे मी विसरू शकत नाही. पुढे योजना शिक्षण खात्याकडे गेली, अनेक राज्यांतल्या शाळांत पसरली. मधल्या काळात मंत्रिपद गेलं, तरी तिच्या कामात भोसले राहिले. १९६३ साली ते वारले. दोन वर्षांनी योजनेचं वेगळेपण संपलं. नॅशनल फिटनेस कोअरमध्ये तिचं विलीनीकरण झालं.

मुंबईत मंत्रालयाच्या परिसरात एका रस्त्याला जनरल जगन्नाथराव भोसले मार्ग असं नाव आहे. यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठान त्याच रस्त्यावर. तिथल्या कार्यक्रमांच्या निमंत्रणपत्रिकांवर हे नाव शेकडो वेळा छापलं जातं. पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा मी फुटपाथवर थांबलो आणि शेजारून जाणाऱ्या दोघा-तिघांना विचारलं. कुणालाच सांगता आलं नाही.

१९७२ साली स्वातंत्र्यसैनिकांचं पेन्शन सुरू झालं, तेव्हा तात्याही गावी परतले. महिन्याच्या सुरुवातीला पोस्टमन दोघा भावांची मनिऑर्डर एकदमच आणायचा. एक इमान राखल्याची, एक मोडल्याची, असं आबा म्हणायचे आणि दोन्ही नोटा आजीकडे द्यायचे.

कानांवर हात ठेवणारी ती मुलगी मोठी झाली, शिक्षिका झाली. दर श्रावणात तिची राखी यायची, सोबत चार ओळींचं हिंदी पत्र. तात्या पत्र पुन्हा पुन्हा वाचायचे, राखी दिवाळीपर्यंत मनगटावर असायची. तात्या पावसाच्या सुरुवातीला गेले. तिला कळवायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी पाकीट आलं.

आबांनी ते बराच वेळ मांडीवर ठेवलं. मग मला हाक मारली, हात पुढे केला आणि राखी बांधायला लावली. पोस्टकार्ड आणून मला लिहायला बसवलं. तात्या गेल्याचं दोन ओळींत सांगितलं, मग थोडं थांबले.

"लिही," म्हणाले, "मी त्यांचा भाऊ. फौजेतलाच. पुढच्या वर्षी राखी माझ्या नावाने पाठव."