आधी काय सुरू व्हायला हवे?

संगणकाच्या तासाचा हा प्रसंग आपल्याला नवा नाही. मुले आज आपला पहिला प्रोग्रॅम लिहिणार असतात. फळ्यावर सगळे मांडून झालेले असते, पण ज्यात प्रोग्रॅम लिहायचा ते सॉफ्टवेअरच उघडत नाही. पडद्यावर एका ओळीचा संदेश येतो, कधी तोही येत नाही. तास संपतो आणि एखादी मुलगी मनाशी ठरवून टाकते, ‘हे आपल्याला जमणारे नाही.’ तिचे खरेच काही चुकले होते का? उत्तर शोधण्यासाठी आपण थोडे मागे जाऊ या.

इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठाच्या गणित प्रयोगशाळेत मॉरिस विल्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘एडसॅक’ हा संगणक बांधला. ६ मे १९४९ रोजी त्याने ० ते ९९ या संख्यांच्या वर्गांचे कोष्टक छापून दाखवले. प्रोग्रॅम कागदी पट्टीवर छिद्रे पाडून द्यावा लागे. तो साठवला जाई पाऱ्याने भरलेल्या नळ्यांमध्ये, ध्वनिलहरींच्या रूपात. वीज बंद झाली की स्मृती कोरी! येथेच पेच होता. पट्टी वाचायची तर ‘पट्टी वाच’ ही आज्ञा आधीच स्मृतीत हवी, आणि ती स्मृतीत यायची तर पट्टी वाचली जायला हवी. दही लावायला विरजण लागते, आणि विरजण म्हणजे कालचे दहीच, तसा हा प्रकार.

हा पेच डेव्हिड व्हीलर या बावीस वर्षांच्या संशोधक विद्यार्थ्याने सोडवला. त्याने ३१ आज्ञांचा एक छोटा संच लिहिला. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये असतात तसल्या फिरत्या स्विचांवर तो तारांनी कायमचा जोडून ठेवला गेला. बटण दाबले की या आज्ञा स्मृतीत उतरत आणि पट्टी वाचू लागत. एवढेच नव्हे, तर पट्टीवरची अक्षरे आणि दशमान आकडे यांचे यंत्राला समजणाऱ्या द्विमान आज्ञांत रूपांतरही करत. आजच्या प्रोग्रॅमिंग साधनांची वंशावळ मांडली, तर हे विरजण अगदी वरच्या पिढीत बसेल.

यंत्र सुरू झाले, पण प्रोग्रॅम चालेनात. विल्क्स यांच्या एका सुरुवातीच्या प्रोग्रॅमच्या १२६ ओळींच्या पट्टीत सुमारे वीस चुका होत्या. उरलेल्या आयुष्याचा बराचसा भाग स्वतःच्याच चुका शोधण्यात जाणार, हे त्या दिवसांत आपल्या लक्षात आले, असे त्यांनी पुढे आत्मकथनात नोंदवले आहे. सुरुवातीला लोक यंत्रासमोर उभे राहून, एकेक आज्ञा पुढे सरकवत, पडद्यावरचे ठिपके न्याहाळत. त्यात यंत्राचा मोलाचा वेळ जाई. १९५१ साली स्टॅन्ली गिल यांनी चुका शोधण्याच्या पद्धतींवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातली एक युक्ती म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमची एकेक आज्ञा पार पाडत तिचे अक्षर कागदावर छापणारा प्रोग्रॅम. गाडी कुठे रुळावरून घसरली, ते नंतर टेबलाशी बसून शांतपणे पाहता येई.

पण चुका शोधणारा प्रोग्रॅमही शेवटी प्रोग्रॅमच. तोच सुरू झाला नाही तर? मग त्याच्यावर डोके आपटून उपयोग नाही. एक पायरी खाली उतरायचे. पट्टी वाचली गेली का? त्या ३१ आज्ञा तरी स्मृतीत उतरल्या का?

पुढे हा जिना लांबत गेला. डॉसच्या काळात ‘बॅड कमांड ऑर फाइल नेम’ हा संदेश कितीजणांनी पाहिला असेल! डॉस मागितलेला प्रोग्रॅम आधी चालू डिरेक्टरीत शोधे, मग ‘पाथ’ या यादीतल्या डिरेक्टऱ्यांत. प्रोग्रॅम डिस्कवर असूनही त्याची डिरेक्टरी यादीत नसेल, तर डॉसच्या लेखी तो नव्हताच. नाव अचूक टाइप करूनही दोष मात्र टाइप करणाऱ्याला वाटे.

आपल्याकडच्या अनेक महाविद्यालयांत वर्षानुवर्षे शिकवले गेलेले ‘टर्बो सी’ घ्या. त्याची पहिली आवृत्ती १९८७ सालची, १६ बिटांच्या जगातली. ६४ बिटांचे विंडोज १६ बिटांचे प्रोग्रॅम चालवतच नाही. म्हणून नव्या संगणकावर ते थेट उघडत नाही. जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या ‘डॉसबॉक्स’मध्ये मात्र तेच टर्बो सी बिनतक्रार चालते. म्हणजे साधन बिघडलेले नव्हते, त्याच्या पायाखालची पायरी बदलली होती.

तेव्हा साधन उघडले नाही, तर तो तास वाया गेला असे आपण मानू नये. संदेश जसाच्या तसा वहीत उतरवायला सांगावा. मग मुलांना तीन प्रश्न विचारावेत: काय सुरू झाले आहे? कोणती पायरी अडली आहे? मागच्या वेळी चालले होते, त्यानंतर काय बदलले? आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी, नाहीतर कशाने गुण आला ते कळत नाही. प्रयोगशाळेत आपण हेच शिकवतो. त्या मुलीला हेही जरूर सांगावे, की विल्क्स यांनाही पहिल्या फटक्यात जमले नव्हते.