ठोका लक्षात ठेवणारं यंत्र

मंडळी, दिवाळीत आमच्या घरी एक गंमत झाली. गंमत म्हणतोय खरा, पण अजून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसलो.

नातवाने सेकंडहँड इलेक्ट्रॉनिक ड्रमसेट घेतलाय. रबराच्या आणि जाळीच्या थाळ्या, बाजूला एक बटणांचा डबा आणि कानाला हेडफोन. शेजाऱ्यांना फक्त टकटक ऐकू येते. (तीही दुपारी एक ते चार बंद. शेवटी पुणं आहे!) त्या डब्यात 'सीक्वेन्सर' नावाची सोय आहे. आपण वाजवलेलं तो लक्षात ठेवतो आणि सांगाल तितक्या वेळा वाजवून दाखवतो.

मी म्हटलं, म्हणजे टेपरेकॉर्डर. नातू म्हणाला, "नाही हो आजोबा." त्याने समजावलं ते असं. टेपरेकॉर्डर आवाज साठवतो. सीक्वेन्सर आवाज साठवतच नाही. कुठल्या थाळीवर, केव्हा आणि किती जोराने ठोका पडला, एवढीच नोंद ठेवतो. जोराला १ ते १२७ आकडे. आपण वहीत भातखंडे पद्धतीने तीनताल लिहितो ना, तसंच हे. सोळा मात्रा, समेला फुली, खालीला शून्य. वहीत आवाज नसतो, ती वाचून वाजवणारा लागतो. इथे वही यंत्राची आणि वाजवणाराही यंत्रच. म्हणून तीच नोंद ठेवून लय वाढवता येते, ड्रमच्या जागी कोंगा बसवता येतो.

आयुष्यभर इतिहास शिकवल्यामुळे एक खोड लागलीय. कुठलीही वस्तू दिसली की ही आली कुठून, हे पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. मग काय, नातवाला मदतीला घेऊन आठ-दहा दिवस शोध घेतला.

गोष्ट फार जुनी निघाली. अल-जझारी नावाच्या कारागिराने १२०६ साली यांत्रिक करामतींवरचा आपला ग्रंथ पुरा केला. त्यात राजाच्या मेजवानीसाठी तळ्यात सोडायची एक नाव आहे. नावेत वादकांच्या बाहुल्या, त्यांत ढोल वाजवणाऱ्याही. पाण्याच्या जोरावर दांडा फिरायचा, दांड्यावरच्या खुंट्या पट्ट्यांना ढकलायच्या आणि बाहुलीचा हात ढोलावर पडायचा. खुंटी जिथे, ठोका तिथे. सीक्वेन्सरचं मूळ तत्त्व एवढंच.

खुंट्यांची जागा पुढे विजेने घेतली. १९५९ साली अमेरिकेतल्या वुर्लित्झर कंपनीने 'साइडमन' काढला. लाकडी कपाटाएवढं धूड, आत व्हॉल्व्ह आणि फिरत फिरत विजेच्या टोकांना स्पर्श करत जाणारा एक हात. वॉल्ट्झ, टँगो, फॉक्सट्रॉट असे ठेके तयारच होते. घरी एकट्याने ऑर्गन वाजवणाऱ्याला साथीदार हवा, म्हणून हे यंत्र. जपानमध्ये इकुतारो काकेहाशी यांनी १९६७ साली 'ऱ्हिदम एस' बाजारात आणलं. हे गृहस्थ तरुणपणी घड्याळं दुरुस्त करायचे. लयीच्या यंत्राकडे वळले यात नवल ते काय! त्यांनीच १९७२ मध्ये रोलँड कंपनी स्थापन केली.

पण या सगळ्या यंत्रांत ठेके कारखान्यातूनच भरून यायचे. तुम्ही निवडायचा, बदलायचा नाही. आमच्या वेळच्या गाइडातल्या तयार उत्तरांसारखं! १९७८ साली रोलँडच्या सीआर-७८ मध्ये मायक्रोप्रोसेसर आला आणि वाजवणाऱ्याला स्वतःचे ठेके साठवता येऊ लागले. दोन वर्षांनी टीआर-८०८ आला. खाली सोळा रंगीत बटणांची रांग. जिथे ठोका हवा ते बटण दाबायचं. मला ती रांग पाहून तीनतालच आठवला. (त्यांचा हिशेब वेगळा, चार ठोक्यांचे प्रत्येकी चार भाग. पण बेरीज सोळाच!) ते यंत्र सुमारे १२ हजार नग विकून १९८३ मध्ये बंद झालं. त्याचे आवाज खऱ्या ड्रमसारखे नाहीत, ही लोकांची तक्रार. मग जुन्या बाजारात ते स्वस्तात मिळू लागलं आणि अमेरिकेतल्या गरीब वस्त्यांतल्या मुलांनी त्यावर संगीताचे नवेच प्रकार उभे केले.

आपल्या मुंबईतही एका माणसाला त्याचं मोल कळलं होतं. हिंदी सिनेमांच्या वाद्यवृंदात गिटार वाजवणारे चरणजित सिंग. १९८२ साली त्यांनी ८०८ च्या ठेक्यावर दहा रागांची तबकडी केली. तेव्हा कुणी फारसं विचारलं नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि जगभरच्या जाणकारांनी कानाला हात लावले. २०१५ मध्ये ते गेले.

१९८० मध्येच रॉजर लिन या अमेरिकन गिटारवादकाचं एलएम-१ आलं. यात खऱ्या ड्रमचे आवाज चिपमध्ये भरलेले होते. शिवाय आपण वाजवताना ठोका थोडा मागेपुढे पडला, तर यंत्र तो जवळच्या घरात नेऊन बसवायचं. याला आता 'क्वांटाइझ' म्हणतात. मास्तरांनी लाल शाईने शुद्धलेखन तपासावं तसं.

मग भीती पसरली. लंडनमध्ये १९८२ साली वादकांच्या संघटनेच्या एका शाखेने सिंथेसायझर आणि ड्रम मशीनवर बंदी घालावी असा ठराव केला. देशभर तो लागू झाला नाही, पण ठराव करणाऱ्यांना हसवत नाही. कारण ती भीती आमच्या घरात शिरलेली मी पाहिलीय.

माझा धाकटा भाऊ ऑर्केस्ट्रात ढोलकी वाजवायचा. नाइटचे पैसे बेताचे, पण हात असा की लावणीला शिट्ट्या गाण्याला की ढोलकीला, कळायचं नाही. १९८५ मध्ये रोलँडचा ऑक्टोपॅड निघाला. आठ थाळ्या, स्वतःचा आवाज नाही, तार दुसऱ्या यंत्राला जोडायची. वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांशी बोलू लागली ती १९८३ च्या 'मिडी' या ठरावीक पद्धतीमुळे. परिणाम असा की एकटा ऑक्टोपॅडवाला ढोलकी, बोंगो, ड्रम सगळं वाजवू लागला. तीन-चार वर्षांत भावाच्या नाइट थांबल्या. तो माझ्याकडे आला तेव्हा मी मोठेपणाने सांगितलं, "अरे, मशीन चुकत नाही. तू आता नोकरी बघ." त्याने एका गोदामात नोकरी धरली. ढोलकी माळ्यावर गेली.

या दिवाळीत तो आला होता. नातू मागे लागला, "धाकटे आजोबा, वाजवा ना." ढोलकीचा आवाज त्या डब्यात नव्हता, मग कोंगाचा लावला. काठ्या नको म्हणाला, हातानेच वाजवतो. नातवाने थाळ्या हलक्या हाताला ऐकतील अशा केल्या. चार आवर्तनं झाली. यंत्राने ती परत वाजवली.

भाऊ ऐकत राहिला. मग मला म्हणाला, "दादा, हे कोण वाजवतंय?"

नातवाच्या लक्षात आलं. स्वतःच्या सरावासाठी त्याने क्वांटाइझ चालूच ठेवलं होतं. समेच्या आधीचा ठोका भाऊ किंचित मागे रेंगाळत टाकायचा. शिट्ट्या त्यालाच पडायच्या. यंत्राने तो चूक समजून सरळ करून ठेवला होता. नातवाने ती सोय बंद केली, पुन्हा वाजवायला लावलं, पुन्हा ऐकवलं.

"हा मी," भाऊ म्हणाला. थोडं थांबून म्हणाला, "पण तिसऱ्या आवर्तनात घाई झालीय."

मंडळी, 'मशीन चुकत नाही' हे मी ज्या आत्मविश्वासाने बोललो होतो, तो आठवून मान खाली गेली. यंत्राला चूक आणि ढब यातला फरक कळत नाही. तो बटण दाबणाऱ्याला कळावा लागतो. त्या ऑर्केस्ट्रावाल्याला तो कळला नाही आणि मला तरी कुठे कळला होता?

भाऊ भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी परत गेला. त्याची ती चार आवर्तनं मात्र डब्यात आहेत. संध्याकाळी नातू ती लावतो आणि त्यावर स्वतः वाजवत बसतो. तिसऱ्या आवर्तनात तोही घाई करतो.

असो. आता थांबतो. माळ्यावरची ढोलकी काढून पूड बदलायला द्यायची आहे. तुमच्याही घरात असं कुणी वाजवणारं असेल, तर जरूर लिहा.