मंडईची रात्र



समुद्रपर्यटनास निघालेला मनुष्य तिकीट काढण्यापूर्वीं जे प्रश्न विचारतो, त्यांत एक हटकून असतो: जहाजावर संध्याकाळच्या करमणुकीची सोय काय? दिवस किनारे पाहण्यांत जातो; पण दिवे लागल्यावर चोहोंकडे पाणी आणि काळोख. अशा वेळीं शेंकडों परक्या माणसांनीं रात्र घालवावी कशी?

भंडारा जिल्ह्याला समुद्र नाहीं. वैनगंगा आहे, आणि तळीं तर इतकीं आहेत कीं तळ्यांचा जिल्हा हेंच त्याचें दुसरें नांव होऊन बसलें आहे. परंतु दिवाळीनंतर येथील एखाद्या खेड्यांत पाहुणा म्हणून उतरलेल्या माणसापुढें नेमका तोच प्रश्न उभा राहतो. त्या प्रश्नाला ह्या भागानें दिलेल्या उत्तराचा इतिहास आज मला सांगावयाचा आहे.

प्रथम जहाजांविषयीं दोन शब्द. सुवेझचा कालवा १८६९ सालीं खुला झाला आणि मुंबईहून विलायत कांहीं आठवड्यांच्या वाटेवर आली. त्या आठवड्यांतील संध्याकाळीं उतारूंचें मनोरंजन पुष्कळदां उतारूच करीत. कोणी पियानोवर बसे, कोणी नकला करी, प्रसंगीं डेकवर कापडी पडदा टांगून नाटकही होई. पगारी वादकांचा प्रघात पुढें वाढला. १९१२ सालीं बुडालेल्या 'टायटॅनिक'वर असे आठ वादक होते, आणि त्या आठांपैकीं एकही परतला नाहीं. आजच्या मोठ्या पर्यटन-जहाजांवर तर स्वतंत्र नाटकगृह आणि पगारी नटसंच असतो. एके काळचा हौशी नट आतां नुसता प्रेक्षक झाला आहे. वैनगंगेच्या कांठींही असाच पालट होत आला. मात्र येथें तो अजून पुरता झालेला नाहीं.

मंडई म्हणजे पुण्याकडील भाजीबाजार नव्हे. भाऊबिजेपासून पुढें गांवोगांव दिवस ठरवून भरणारी ती जत्रा होय. हलकें धान तोंवर घरांत आलेलें असतें, भारी धान बांधींत उभें असतें. हातांत थोडा पैसा आणि थोडी सवड, दोन्ही एकदमच येतात. शेजारच्या दोन गांवांची मंडई शक्यतों एका दिवशीं ठेवीत नाहींत, कारण दुकानदार तेच, पाहुणे तेच आणि खेळ करणारेही तेच. तळ्यांतले शिंगाडे उकडून टोपल्यांतून विकावयास येतात. माहेरवाशिणी येतात, जांवई येतात, आणि ज्यांच्या घरीं उपवर मुलगी आहे ते डोळे उघडे ठेवून येतात. ह्या भागांतील कितीतरी सोयरिकी अशाच रात्रीं, रंगभूमीकडे तोंड करून बसलेल्या दोन म्हाताऱ्यांनीं कुजबुजत जुळविल्या आहेत! १९९९ सालीं गोंदिया जिल्हा वेगळा झाला. पण सोयरिकीला ती सीमा ठाऊक नाहीं.

आतां ह्या पाहुण्यांची अडचण पाहा. जहाजावरून जसें रात्रीं कोणाला उतरतां येत नाहीं, तसें जंगलवाटेनें बंडी जुंपून रात्रीं परतणेंही पूर्वीं शक्य नव्हतें. घरोघरीं दहा-वीस पाहुणे. तितक्यांना निजावयास जागा कोठून आणणार? माझ्या मतें येथील खेळ रात्रभर चालण्याचें खरें कारण हेंच. कलेच्या हौसेइतकाच अंथरुणांच्या टंचाईचाही तो प्रताप आहे.

तो खेळ म्हणजे दंडार. देवाच्या नमनानें आरंभ, मग पदें, नाच, सोंगें आणि त्यांतून उलगडत जाणारी कथा. ढोलकी, टाळ यांची साथ. स्त्रियांचीं कामें पुरुषच करीत. तिच्या जोडीला खडी गंमत. तींत शाहीर, साथीदार आणि स्त्रीवेषांतला नाच्या उभ्याउभ्यानेंच सगळा खेळ रंगवितात, म्हणून ती 'खडी'. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर ह्यांनीं झाडीबोली आणि दंडार ह्यांच्या अभ्यासांत उभें आयुष्य वेचलें. तोंवर मराठी वाङ्मयाच्या इतिहासकारांनीं ह्या रात्रींकडे फारसें लक्ष पुरविलें नव्हतें.

दंडारीचें मर्म मला लहानपणीं मामाच्या गांवीं उमगलें. सकाळीं मामाच्या बांधींत विळा चालविणारा गडी रात्रीं राणी होऊन पुढें आला. मी डोळे विस्फारून पाहत असतां मामी माझ्या कानाशीं लागून म्हणाली, "ती साडी आपली आहे बरं!" दंडार गांवाचीच होती: साडी एका घरची, ढोलकी दुसऱ्या घरची, दिव्याचें तेल तिसऱ्याचें. पाहुण्यापुढें जसें घरचें जेवण वाढावें, तशी गांवानें आपली रात्र वाढावयाची.

सांगलीस विष्णुदास भाव्यांचें 'सीतास्वयंवर' १८४३ सालीं झालें, आणि १८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'नें संगीत नाटकाचा पाया घातला, हें सर्वश्रुत आहे. त्या नाटकाचा पडदा, पेटी आणि पदें कालांतरानें झाडीपट्टींतही पोंचलीं. पण दोन-तीन तासांत आटोपणारें नाटक पाहुण्यांच्या काय कामाचें? येथील लोकांनीं तें आपल्या रात्रीच्या मापाचें करून घेतलें. दहाच्या सुमारास आरंभ होतो, मधूनमधून नाचगाणें येतें, आणि शेवटचा प्रवेश संपतां संपतां उजाडतें. धान कापून मोकळ्या झालेल्या बांधींत कनात उभारून हीं नाटकें होतात. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, आणि रात्रीं नाटक, अशी जोडी पूर्वापार जमलेली. २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानें शर्यती बंद पडल्या, तरी नाटकें थांबलीं नाहींत. २०२३ सालीं न्यायालयानें महाराष्ट्राचा नवा कायदा ग्राह्य धरला.

हल्लीं हीं नाटकें व्यवसायी मंडळ्या करतात. गडचिरोली जिल्ह्यांतील वडसा हें त्यांचें मुख्य ठाणें. गोंदियाहून चांद्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचें हें स्थानक हंगामांत नाटकांच्या फलकांनीं भरून जातें. गांवचें मंडळ प्रयोग ठरवितें, तिकिटें विकतें, आणि नफा-तोटा सोसतें. नट आज ह्या गांवीं, उद्यां त्या; तालमींना वेळ थोडा, म्हणून पडद्याआडच्या प्रॉम्प्टरवर मोठी भिस्त. स्त्रियांचीं कामें आतां स्त्रियाच करतात, हें चांगलेंच झालें. ह्या रंगभूमीवर आयुष्य घालविलेल्या परशुराम खुणे ह्यांना २०२३ सालीं पद्मश्री मिळाली, तेव्हां झाडीपट्टीला आपल्याच घरांतला सत्कार वाटला.

मला ह्या मंडळ्यांविषयीं तक्रार नाहीं. थंडींत सलग कित्येक रात्री जागून लोकांना हंसविणें-रडविणें हें येरागबाळ्याचें काम नव्हे. परंतु त्यांच्या नाटकांत साडी मामीची नसते. गांव तिकीट काढून पाहतें, आणि पाहुण्याशेजारीं यजमानही पाहुणाच होऊन बसतो. दंडार अद्याप कोठें कोठें होते, मात्र पाहणारे वयस्क असतात, आणि करणारेही.

तेव्हां कोणी श्रोते यंदा मंडईस जाणार असतील, तर अंथरुणाची अपेक्षा न ठेवतां एक जाड घोंगडी बरोबर घ्यावी. मध्यरात्रीनंतर बांधींत थंडी फार पडते. आणि नाटकाची जाहिरात कितीही मोठी असली, तरी आधीं गांवांत दंडार आहे काय, हें विचारावें.

मामीची ती साडी दुसऱ्या दिवशीं घडी घालून परत आली. पदराला राणीच्या गालांवरची लाली लागली होती. ती धुऊन कधींच गेली नाहीं, आणि मामी पुढें कित्येक वर्षें सणासुदीला तीच नेसत असे.