कॅमेरा कुठे उभा आहे?

दिल्लीतल्या हिंदूरावहून बोलतोय. दौलतराव शिंद्यांचे मेहुणे हिंदूराव घाटगे यांची हवेली इथल्या टेकडीवर होती. आज तिथे रुग्णालय आहे. १८५७ मध्ये इंग्रजांची मुख्य चौकी याच हवेलीत होती. म्हणून इंग्रजी पुस्तकांत ही जागा म्हणजे गुरखे आणि तोफा. मराठी घरमालकाचं नुसतं नाव उरलं. फौजेत आम्ही हेच शिकलो: उभं राहायची जागा बदलली की मैदान वेगळं दिसतं.

माहितीपटांचंही तसंच. इंग्लंडमध्ये विगन कसिनो नावाचं नाचघर १९७३ ते १९८१ चाललं. खाणी-गिरण्यांच्या मुलखातली पोरं तिथे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय गायकांच्या, विसरल्या गेलेल्या सोल संगीताच्या तबकड्यांवर रात्रभर नाचत. १९७७ मध्ये टोनी पामर यांनी ग्रॅनाडा टेलिव्हिजनसाठी त्यावर माहितीपट केला. नाचाच्या जोडीला सतत गिरण्या आणि हलाखी. खोटं त्यात काही नाही. पण बघणाऱ्याला वाटतं, दुःख विसरायला नाचतात बिचारे. मग त्यांतले कित्येक केस पिकल्यावरही का नाचतात? कारण त्यांना ते संगीत कळतं.

आता आपल्या घरात या. संगीतबारीच्या बायकांवर कॅमेरा गेला की एक तर कमरेवर थांबतो, नाही तर डोळ्यांतल्या पाण्यावर. १९४८ मध्ये मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली, तेव्हाही नजर नीतीवर होती. गाण्याकडे कोण बघतो? बैठकीच्या लावणीत बाई बसल्या जागी एकच ओळ पुन्हापुन्हा गाते आणि दर वेळी नवा अर्थ दाखवते. वाईच्या यमुनाबाई वाईकरांना १९७५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला तो याच विद्येसाठी. ही अदा दाखवायची तर कॅमेऱ्याला दहा मिनिटं गप्प बसावं लागतं. सावित्री मेधातुल आणि भूषण कोरगावकर यांच्या 'नटले तुमच्यासाठी' या २००८ च्या माहितीपटात या बायका स्वतः बोलतात. तिथे हलाखी आहे, तशी थट्टा आहे, हिशेब आहे, कलेचा तोराही आहे.

हे सांगायचा मला अधिकार किती? मागे एका भागात मीच 'या बिचाऱ्या स्त्रिया' असं म्हणून गेलो. एका मुलीने लिहिलं, "काका, माझी आजी बारीत गायची. घर तिने चालवलं, मामांना तिने शिकवलं. बिचारी कोणाला म्हणता?" मला उत्तर सुचलं नाही. वर्दीतल्या माणसाला कोणी बिचारा म्हटलेलं मला तरी कुठे खपलं असतं?

तेव्हा मंडळी, पुढचा माहितीपट बघताना एवढंच मोजा: बाईचं गाणं किती वेळ ऐकवलं आणि तिच्याविषयी दुसरेच किती वेळ बोलले.

त्या मुलीची माफी मागतो आणि थांबतो. जय हिंद.