स्नायुबल व श्वासबल मापन (अतिदक्षता विभाग)

अत्यवस्थ रुग्णाच्या हातापायांत आणि श्वासाच्या स्नायूंत किती जोर उरला आहे, ते आकड्यांत मांडण्याची तपासणी. नळदुर्गसारख्या शेतीच्या गावाला तिचे मोल मण्यारीच्या दंशावरून चटकन कळेल. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दंश फारसा दुखत नाही. पहाटे पापण्या मिटू लागतात, मग मान उचलत नाही, शेवटी श्वास थकतो. सोलापूर सुमारे ५० किलोमीटरवर आहे. प्रतिविषासाठी निघायला वेळ दवडायचा नसतो, पण वाटेत दोन गोष्टी बिनयंत्राच्या करता येतात: उशीवरून डोके उचलायला सांगणे आणि एका दमात मोठ्याने आकडे म्हणवून घेणे.

निरोगी माणूस एका दमात चाळीस-पन्नासपर्यंत जातो. विसाच्या आत अडला तर धोका. मराठीत विसानंतरचे आकडे लांबलचक, म्हणून त्याच रुग्णाचा मघाचा आकडा आणि आताचा आकडा ताडून पाहणे अधिक भरवशाचे. बोटावरच्या यंत्रात प्राणवायू ९८ टक्के दिसला म्हणून निर्धास्त राहू नये. तो आकडा फार उशिरा घसरतो.

रुग्णालयात श्वास आत ओढण्याचा कमाल दाब मोजतात. तो पाण्याच्या ३० सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, किंवा पूर्ण श्वास भरून जोराने सोडलेली हवा दर किलो वजनामागे २० मिलिलिटरच्या खाली आली (६० किलोच्या माणसाची १,२०० मिलिलिटर), तर कृत्रिम श्वासाची तयारी ठेवतात. हे उंबरठे मुख्यतः गियाँ-बारे या स्नायू लुळे पाडणाऱ्या नसांच्या आजाराच्या अभ्यासातून आले. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात त्या आजाराची साथ आली. तिच्यातला पहिला संशयित मृत्यू सोलापुरात झाला.

हातापायांच्या जोराला ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलची ० ते ५ गुणांची पट्टी लावतात. खांदा, कोपर, मनगट, मांडी, गुडघा, घोटा, दोन्ही बाजूंनी. एकूण ६० गुण. "काका, हात असाच धरा, मी दाबतो, खाली येऊ देऊ नका," असे म्हणत ही तपासणी घेतली जाते. स्नायू नुसता फडफडला, सांधा हलला नाही, तर १ गुण. हात उचलला पण दाब सोसला नाही, तर ३. बेरीज ४८ च्या खाली गेली की अतिदक्षतेत आलेला अशक्तपणा मानतात. मात्र रुग्ण पुरता जागा हवा. डोळे उघडा, माझ्याकडे पाहा, जीभ दाखवा, मान हलवा, भुवया उंचवा, एवढे त्याला आधी जमले पाहिजे. गुंगीतल्या माणसाचे गुण धरू नयेत.