कायम नोकरी: मनमाड ते आखात

मनमाड हे रेल्वेचे गाव. १८७८ साली दौंडचा लोहमार्ग येथे येऊन मिळाला, आणि आमच्या वाडवडिलांनी कायम नोकरीचा आधार अनुभवला तो रेल्वेतच.

खाजगी शाळांतील शिक्षकांना तो आधार उशिरा लाभला. महाराष्ट्राने १९७७ साली खाजगी शाळा कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा केला. दोन वर्षांच्या परिवीक्षेनंतर शिक्षक कायम होऊ लागले. बडतर्फीविरुद्ध न्यायाधिकरणाचे दार उघडले. मुख्याध्यापकाच्या नेमणुकीसारख्या मोजक्या सवलती सोडल्यास तो आपल्या मिशन शाळांनाही लागू झाला.

आज आपली मुले-मुली इंग्रजी शिकवावयास आखातात जातात. तेथील ‘कफाला’ पद्धतीत निवासाचा परवाना नोकरी देणाऱ्याशी बांधलेला असतो. नोकरी गेली की मुक्कामही हलतो. कतारने २०२० साली मालकाच्या संमतीविना नोकरी बदलण्याची मुभा दिली, हे खरे. परंतु आपल्या १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली पदवीधरांना परवानगीतून सूट मिळाली, तिच्यासरशी कराराची सरकारी तपासणीही टळली.

म्हणून आम्ही पालकांना विनवितो: सामान बांधण्यापूर्वी करार घरी बसून वाचावा. मुदत, आजारपणाची रजा, परतीचे तिकीट कागदावर आहे ना, ते पाहावे. येथे जे कायद्याने मिळाले, ते तेथे आधीच लिहून घ्यावे लागते.